घटक ४ : संत तुकाराम – देवाचा अबोला आणि भक्ताचे बोलणे

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• तुकारामांच्या चरित्रातील महत्त्वाच्या घटना त्यांच्या काळाच्या संदर्भात सांगता येतील.
• आत्मपर अभंग, समकालीनांचे उल्लेख आणि उत्तरकालीन चरित्रे या साधनांमधील फरक ओळखता येईल.
• देव दूर गेल्याचा अनुभव तुकारामांनी कसा पेलला, याचे विवेचन करता येईल.
• त्यांच्या भाषेतील व्यापार-व्यवहाराच्या शब्दांचा आणि भक्तिभावाचा संबंध स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, संतचरित्र वाचताना आपली एक सवय असते. शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. तुकाराम म्हटले की वीणा, चिपळ्या, गाथा आणि वैकुंठगमन डोळ्यांपुढे येते. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील कठीण काळ आपण घाईने ओलांडतो. पुढे सारे चांगलेच होणार आहे, असे समजून वाचतो. परंतु तो काळ जगणाऱ्या माणसाला पुढचे काहीही माहीत नव्हते. या घटकात आपण त्या काळापाशी थोडे थांबणार आहोत.

मराठीत ‘अबोला’ असा एक सुंदर शब्द आहे. अबोला म्हणजे केवळ शांतता नव्हे. रस्त्यावरचा अनोळखी माणूस आपल्याशी बोलत नाही, त्याला आपण अबोला म्हणत नाही. अबोला धरायला आधी नाते असावे लागते. तुकारामांच्या आयुष्यात देवाचे गप्प राहणे हे या अर्थाने अबोला होते, आणि त्या अबोल्याला त्यांनी बोलून उत्तर दिले. त्यांच्या नावावरील सुमारे साडेचार हजार अभंगांपैकी मोठा भाग हा या बोलण्याचा आहे.

अभ्यासाच्या साधनांविषयी एक सूचना येथेच लक्षात घ्या. तुकारामांच्या जीवनाची माहिती आपल्याला प्रामुख्याने तीन ठिकाणी मिळते : त्यांचे स्वतःचे आत्मपर अभंग, बहिणाबाई, रामेश्वरभट्ट यांच्यासारख्या समकालीनांच्या रचना, आणि महिपतींचे ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ. महिपतींचे लेखन तुकारामांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाले आहे. शिवाय गाथेतील अभंग रचनाकालाच्या क्रमाने लावलेले नाहीत. म्हणून अमुक अभंग अमुक दिवशी लिहिला, असे विधान आपण सहसा करू नये.

४.३ घराणे आणि पूर्वायुष्य

तुकारामांचा जन्म इंद्रायणीकाठच्या देहू या गावी झाला. जन्मवर्षाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि १६०८ हे वर्ष सर्वाधिक रूढ आहे. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. आडनाव मोरे, उपनाव आंबिले. घराण्यात विठ्ठलाची उपासना अनेक पिढ्यांची होती. पूर्वज विश्वंभरबोवा यांनी देहूत विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली, अशी परंपरा आहे. पंढरीची वारी ही या घरात नव्याने शिकायची गोष्ट नव्हती.

घर खाऊनपिऊन सुखी होते. गावच्या बाजारपेठेची महाजनकी, शेती, वाण्याचे दुकान आणि सावकारी अशी मिळकतीची साधने होती. थोरल्या सावजींचे मन प्रपंचात रमत नसल्याने कारभाराचा भार तरुण वयातच तुकारामांवर आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असत. म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांच्या कन्येशी त्यांचा दुसरा विवाह झाला. या जिजाबाई, लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘आवली’ असे आहे.

हे तपशील एका कारणासाठी ध्यानात ठेवा. तुकाराम वही-खात्याच्या जगात वाढले. कोणाकडे किती येणे आहे, मुद्दल किती, व्याज किती, जामीन कोण, गहाण काय, ही त्यांची रोजची भाषा होती. पुढे देवाशी बोलताना त्यांनी याच भाषेचा आधार घेतला, आणि शेवटी याच भाषेला त्यांनी वेगळे वळण दिले.

तारुण्यातच आईवडिलांचे छत्र हरपले. सावजींची पत्नी वारली आणि ते तीर्थयात्रेला निघून गेले. घरात तुकाराम, दोन पत्नी, मुलगा संतू आणि कान्होबा एवढे उरले. तरीही घडी विस्कटलेली नव्हती. ती विस्कटली दुष्काळात.

४.४ दुष्काळ

१६३० साली दख्खन आणि गुजरातमध्ये पाऊस पडला नाही. त्याच वेळी शाहजहानचा तळ बुऱ्हाणपुरास होता आणि मोगल फौजा निजामशाहीविरुद्ध मोहिमेवर होत्या. अवर्षणाने पीक गेले. सैन्याच्या हालचालींनी उरलेले धान्य आणि रस्ते दोन्ही गेले. अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनाम्या’त आणि पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात या दुष्काळाची जी वर्णने केली आहेत, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. देहू तेथून फार दूर नाही.

या दुष्काळात रखमाबाई अन्नावाचून गेल्या. संतूही दगावला. बैल मेले, धंदा बुडाला, दिवाळे निघाले, पत गेली. तुकारामांचे वय, रूढ जन्मवर्ष धरले तर, बाविशीच्या आसपास होते. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात त्यांनी हे सारे मोजक्या शब्दांत सांगितले आहे. तेही संतमंडळींनी विचारले म्हणून. त्यात पत्नीच्या भूकबळीचा उल्लेख आहे आणि त्यापाठोपाठ लाज वाटल्याची कबुली आहे. या लाजेकडे लक्ष द्या. दुःखाइतकीच ती त्यांना बोचत होती. घरात सावकारी असताना बायकोला घासभर अन्न देता आले नाही, याची ती लाज आहे.

येथे वाचकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दुष्काळाने तुकारामांना संत घडवले, असे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वारंवार येते. ते सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याचा अर्थ असा होतो की, रखमाबाईंची भूक आणि संतूचे मरण ही एका मोठ्या कार्याची तयारी होती. कोणाची तरी गाथा घडावी म्हणून दुसरे कोणी उपाशी मरावे, असा हिशेब भक्तिपरंपरा मांडत नाही. दिवाळे निघाले आणि दुष्काळाने छळले हे बरेच झाले, असा भाव असलेला तुकारामांचा एक प्रसिद्ध अभंग आहे, हे खरे. परंतु तो उद्गार ज्याने सोसले त्याने, स्वतःपुरता आणि देवाला उद्देशून काढलेला आहे. तो उचलून दुसऱ्याच्या दुःखावर लावण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

४.५ इंद्रायणीत बुडवलेली खते

दुष्काळानंतर तुकाराम घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा त्यांना शोधत तेथे पोहोचले. त्यानंतरचा प्रसंग महिपतींनी सांगितला आहे. लोकांकडे येणे असलेल्या रकमांची खते दोघा भावांनी वाटून घेतली. निम्मी कान्होबांनी आपल्या प्रपंचासाठी ठेवली. आपल्या वाट्याची निम्मी तुकारामांनी इंद्रायणीत सोडून दिली.

या कृतीचा अर्थ नीट समजून घ्या. ज्यांची खते बुडाली, ते ऋणको त्याच दुष्काळात होरपळलेले शेतकरी आणि कारागीर होते. त्यांच्याकडून वसुली करायची तर धरणे धरावे लागले असते, गहाण जप्त करावे लागले असते. तुकारामांनी लोकांचे देणे माफ केले आणि स्वतःचे सावकारपण सोडले. भावाच्या वाट्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. वैराग्य स्वतःपुरते घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते, हा विवेक त्यात दिसतो.

त्यानंतर त्यांनी देहूतील मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले. लक्षात घ्या, देव भेटला म्हणून देऊळ बांधले, असा क्रम त्यांच्या आत्मपर अभंगात नाही. आधी भिंती उभ्या केल्या. एकादशीला कीर्तन सुरू केले. सुरुवातीला त्यात मन लागत नव्हते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले. मन साथ देत नसतानाही हात, पाय आणि जीभ यांना त्यांनी कामाला लावले. आपल्यातील अनेकजण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून रात्री पुस्तक उघडतात. रोज उमेद असतेच असे नाही. तुकारामांच्या या वर्षांचे मोल तुम्हाला अधिक कळेल.

४.६ अबोल्याची वर्षे

भामनाथ, भंडारा आणि घोरवडेश्वर हे देहूच्या परिसरातील डोंगर त्यांच्या एकांताच्या जागा होत. जिजाबाई भाकरी घेऊन डोंगर चढत, अशी परंपरागत आठवण आहे. संतचरित्रांनी त्यांना कजाग ठरवले. पण उरलेला संसार, मुलेबाळे आणि चूल त्यांनीच सांभाळली, हे विसरता येत नाही.

याच काळात दोन स्वप्नानुभव आले. एकात नामदेव पांडुरंगासह आले आणि त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा दिली. दुसऱ्यात बाबाजी चैतन्य यांनी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, रामकृष्णहरी हा मंत्र दिला. या दुसऱ्या अनुभवाच्या अभंगात एक चमत्कारिक तपशील आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. गुरू त्वरेने निघून गेले. आयुष्यातील सर्वांत मोठी कृपा लाभली, आणि तिच्यातही काही राहून गेले! अनुभवाचा शेवट पूर्णतेने न करता त्यातील चुकामूक जशीच्या तशी नोंदवणे, हा तुकारामांचा प्रामाणिकपणा आहे.

गुरुकृपेनंतर सारे प्रश्न मिटले, असेही झाले नाही. देव भेटत नाही, उत्तर देत नाही, आपले बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही हे कळत नाही, असा आकांत गाथेत ठिकठिकाणी आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी तुकारामांच्या या अवस्थेचा विचार करताना स्पेनमधील संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांनी वर्णिलेल्या आत्म्याच्या काळोख्या रात्रीची कल्पना वापरली आहे. दोघांच्या काळात फार अंतर नाही. एकमेकांची वार्ता असण्याचा मात्र प्रश्नच नव्हता.

भाषेच्या अंगाने पाहिले तर या अभंगांत एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तक्रार कितीही तीव्र असो, ती बहुधा द्वितीय पुरुषात असते. देव निष्ठुर आहे असे लोकांना सांगण्यापेक्षा तू निष्ठुर आहेस असे देवालाच सुनावणे तुकारामांना जवळचे वाटते. मराठीत आईला आणि देवाला आपण ‘तू’ म्हणतो. भांडण्यासाठी याहून जवळचे सर्वनाम आपल्या भाषेत नाही. या भांडणात व्यापाऱ्याचे सारे शब्द हजर होतात. देव हा देणे बुडवणारा ऋणको होतो, भक्त सावकार होतो आणि संत जामीन राहतात.

मात्र एका अभंगात हे सर्वनामही सुटते. इतरांसाठी देव असेलही, आपल्या लेखी तो उरलेला नाही. यापुढे त्याचा विषय नको, दोघांतला संबंधच संपला, असा त्याचा आशय आहे. येथे देव तृतीय पुरुषात गेला आहे. आतापर्यंत अबोला देवाचा होता, आता तो भक्ताने धरला. तुकारामांच्या भक्तीतील हा सर्वांत अंधारा बिंदू म्हणता येईल. वारकरी परंपरेने हा अभंग गाथेतून वगळला नाही. नाते तुटल्याचा हा उद्गारही भक्तीच्याच वहीत जपून ठेवला गेला.

४.७ वह्यांचे विसर्जन आणि तेरा दिवस

तुकारामांची कीर्ती वाढू लागली तसा विरोधही वाढला. शूद्र मानल्या गेलेल्या माणसाने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना मान्य नव्हते. परंपरेनुसार, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या.

तीच नदी, तोच माणूस. पहिल्या वेळी त्यांनी लोकांकडील येण्याचे कागद स्वखुशीने सोडले होते. या वेळी सक्तीने गेले ते देवाच्या आज्ञेने लिहिलेले शब्द. ज्याने लिहायला सांगितले, तो ते वाचवणार की नाही, हा आता प्रश्न होता. तुकाराम नदीकाठी अन्नपाणी वर्ज्य करून बसले. तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्या अभंगांत आहे आणि बहिणाबाईंच्या रचनेतही आहे.

त्या काळी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसून वसुली करीत असे. त्याला धरणे म्हणत. महाजनाच्या घरातील तुकारामांना ही रीत चांगली माहीत होती. इंद्रायणीकाठचे ते तेरा दिवस रूपाने धरणेच होते. लोकांची खते बुडवणारा सावकार आता देवाच्या दारात आपले येणे मागत बसला होता.

तेराव्या दिवसानंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. लोकांच्या मुखोद्गत असल्याने अभंग टिकले, असा अर्थ काही आधुनिक वाचक लावतात. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती तुकारामांची प्रतिक्रिया. वह्या परत मिळाल्यानंतरच्या अभंगांत विजयाचा आनंद नाही, विरोधकांवर मात केल्याचा सूर नाही. तेथे पश्चात्ताप आहे. आपण देवाचा अंत पाहिला, त्याला शिणवले, हा आपलाच मोठा अपराध झाला, असे ते म्हणतात. पुन्हा दुर्जनांनी कितीही छळले तरी देवावर असा भार टाकणार नाही, असा निश्चय करतात.

हे वळण ध्यानात घेतले की संपूर्ण चरित्र वेगळे दिसू लागते. देवाकडून येणे वसूल झाले, त्याच क्षणी तुकारामांना आपण सावकार होऊन बसलो होतो हे उमगले. दुष्काळानंतर त्यांनी माणसांवरील हक्काचे कागद बुडवले होते. तेरा दिवसांनंतर देवावरील हक्काचे खत त्यांनी सोडून दिले. या अभंगांतही सर्वनाम ‘तू’ हेच आहे. पण त्यामागचे नाते बदलले आहे : सावकार आणि ऋणको यांच्या जागी लेकरू आणि माउली आले आहेत. कठीण काळाने तुकारामांना काय दिले, याचे उत्तर या बदलात शोधावे लागते. दुष्काळ का पडला, रखमाबाई का गेल्या, याचे स्पष्टीकरण त्यांना मिळाले असे गाथेत कोठेही दिसत नाही. येणे मागितल्याखेरीजही देवाशी बोलता येते, हे मात्र त्यांना कळले.

४.८ अखेरची वर्षे

रामेश्वरभट्ट पुढे तुकारामांचे शिष्य झाले. तुकारामांची आरती त्यांच्या नावावर आहे. चाकणचे संताजी जगनाडे अभंग लिहून घेणाऱ्यांत होते. बहिणाबाईंसारखी ब्राह्मण स्त्री त्यांना गुरू मानून देहूस आली. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे १६५० साली, तुकारामांचे प्रयाण झाले. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. त्यांच्या पश्चात जन्मलेले पुत्र नारायणबोवा यांनी १६८५ साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. ज्या मुलाने वडिलांना पाहिलेही नव्हते, त्याने त्यांच्या पादुका पंढरीच्या वाटेवर नेल्या.

४.९ सारांश

तुकारामांचे चरित्र म्हणजे संकटांवर श्रद्धेने मिळवलेल्या विजयाची सरळ कथा नाही. दुष्काळाने त्यांचे घर मोडले. त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी देव गप्प असताना काढली. या काळात त्यांनी तीन गोष्टी केल्या : लोकांवरील आपला हक्क सोडला, मन लागत नसतानाही कीर्तन, पाठांतर आणि देवळाचे काम चालू ठेवले, आणि राग, लाज, निराशा यांतले काहीही न लपवता देवाशी बोलत राहिले. अखेरीस देवावरील हक्कही त्यांनी सोडला. देव जवळ नाही असे वाटणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे, हे त्यांच्या अभंगांवरून दिसते. ज्याच्याशी नाते असते, त्याचाच अबोला माणसाला लागतो.

४.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तुकारामांच्या चरित्राची साधने सांगून त्यांच्या मर्यादा स्पष्ट करा.
२. ‘दुष्काळाने तुकारामांना संत घडवले’ या विधानाची चिकित्सा करा.
३. इंद्रायणीत खते बुडवणे आणि वह्या बुडवणे या दोन प्रसंगांची तुलना करा.
४. तुकारामांच्या अभंगांतील द्वितीय पुरुषी सर्वनामाचे महत्त्व विशद करा.

उपक्रम : गाथेतील देवाशी भांडणारे कोणतेही पाच अभंग निवडा. त्यांतील सावकारी व व्यापारविषयक शब्दांची यादी करा. त्यांपैकी कोणते शब्द तुमच्या गावच्या बाजारात, सोसायटीत किंवा घरातील बोलण्यात आजही वापरले जातात, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.